गुळाची अक्षरं

मनकर्णा: सावलीला पाय असतेत का, आत्याबाई? नीट बघा. मुंग्या हायत त्या.

सरजाबाई: आगं, झरोक्यातलं ऊन हलायलंय. जागून जागून डोळे गेले तुहे. सून हायेस का घुबड?

मनकर्णा: ऊन भिंतीवरच्या 'ब'ची काठी उतरून खाली 'भ'कडं चाललंय का? बोट लावून बघा.

सरजाबाई: कुठं... आग्गं माय! चढली की बोटावर!

मनकर्णा: आता पटलं?

सरजाबाई: घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आजचाच मुहूर्त गावला का ह्या भवान्यायला? तिकडं बालवाडीची खोली ठरवायला आलेली परभणीची बाई आबासाहेबाच्या माडीत चहा प्यायलीया. कडूबाईच्या वट्यावरून म्या सोता बघून आले. कपबशी, लोड, तक्के, समदा थाट. तितली खोली बघून झाली की उठून हिकडंच येनार.

मनकर्णा: अन् हिकडं आली की तिला काय दाखवू? मुंग्यायची जत्रा?

सरजाबाई: कुंचा आन. झाडून टाकू.

मनकर्णा: कुंचा मारला की अक्षर बी जाईल. गेरू आतून वल्ला हाय अजून. बालवाडीची भिंत म्हनून बोलवायचं अन् दाखवायचे नुसते लाल फराटे?

सरजाबाई: मग चुलीतली राख आनते. राखंला मुंगी टिकत न्हाई.

मनकर्णा: अन् उभ्या भिंतीला राख टिकती का?

सरजाबाई: तू निस्ती वकिली कर. ही बघ, आनली सूपभर. फेकून मारू, जेवढी चिकटंल तेवढी चिकटंल.

मनकर्णा: थांबा, थांबा. आधी एक सांगा. पांढऱ्या भिंतीवर एक बी मुंगी न्हाई. काकणाच्या नक्षीवर न्हाई. काजळीनं काढलेल्या बैलावर न्हाई. समद्याच्या समद्या गेरूच्या अक्षरावर. कामून?

सरजाबाई: मला काय पुसतीस? मुंग्यायला पूस.

मनकर्णा: आत्याबाई.

सरजाबाई: काय आत्याबाई, आत्याबाई लावलंय? हां, घातला गूळ गेरूत. घातला.

मनकर्णा: किती?

सरजाबाई: ढेकूळभर. बरं, मोठं ढेकूळ होतं. तू पानी आनायला गेलीस अन् त्या धुरपती पोरीनं भिंतीला हात लावला, तर समदा तळवा लाल. म्हनलं, पोरं हात लावतील अन् सांजच्याला भिंत कोरी व्हईल. रंग धरून ठिवायला काई चिकट पायजे का न्हाई?

मनकर्णा: त्याच्यासाठीच म्या बाभळीचा डिंक भिजू घातला होता. वाटीत. चुलीपाशी.

सरजाबाई: ती डिंकाची वाटी व्हय? म्या म्हनलं शिळी पेज हाय. शेळीला घातली.

मनकर्णा: शेळीला!

सरजाबाई: गुमान खाल्ली बिचारीनं. अन् गूळ काय म्या मनाचा घातला न्हाई. माहा बाप निजामाच्या राज्यात बारव बांधायला होता. चुन्यात गूळ घालायचे, बेलाचा गर घालायचे. आजून बारव उभी हाय, एक चिरा हालला न्हाई.

मनकर्णा: बारवंत पानी होतं, आत्याबाई! मुंग्या काय पवायला जानार हायत का?

सरजाबाई: हे मातर तू बरूबर बोललीस.

मनकर्णा: हसू नगा. मला रडू यायलंय.

सरजाबाई: मग रड. पन काम करत रड, वख्त न्हाई.

मनकर्णा: काम करून काय झालं? दुष्काळात बैल इकल्यापसून ह्या गोठ्यात कुनी पाय ठिवला नव्हता. वास जावा म्हनून जिमीन खांदून काढली. गढीची पांढरी माती डोक्यावर आनून भिंती पोतारल्या. उजेड यावा म्हनून ह्यांनी झरोका फोडला. तुमचं लगीनातलं लुगडं फाडून वर छत शिवलं.

सरजाबाई: ते फाडताना म्या एक शबूद बोलले का?

मनकर्णा: न्हाई. तोंड तेवढं फिरवलं.

सरजाबाई: माळवदाची माती लेकरायच्या डोळ्यात पडू नये म्हनून फाडलं. पेटीत ऱ्हाऊन ते लुगडं काय मला परत नवरी करनार होतं?

मनकर्णा: अन् आता ती बाई येनार, मुंग्या बघून नाक मुरडनार, अन् बालवाडी आबासाहेबाच्या खोलीत जानार. शिकवायला रुख्मिणी ऱ्हाईल, त्यायची सून. ऱ्हाऊ द्या, ती काई वाईट न्हाई. पन आपली लेकरं तितं कुठं बसतील, ते सांगा.

सरजाबाई: सांगायला कशाला पायजे? दुष्काळात आबासाहेबाकडं सरकारी दूध वाटायचे तवा बघितलं की ह्याच डोळ्यानं. आपली पोरं वसरीच्या खाली, जोड्यापाशी. ह्यायनी भांडं खाली धरायचं अन् त्यायनी दूध वरून सोडायचं. निम्मं हातावर सांडायचं, पन भांड्याला भांडं लागू द्यायचे न्हाईत.

मनकर्णा: खोली तीच, मानसं तीच. म्हंजी अ आ इ बी जोड्यापाशी बसूनच शिकायचं. मला ते बघवनार न्हाई, आत्याबाई. बालवाडी हितं आली तर समदे आत बसतील, साऱ्या गावचे. मला एवढंच पायजे. बाकी काई नगं.

सरजाबाई: मग बसून काय ऱ्हायलीस अशी दगडावानी? ऊठ. ती जाड वाकळ आन. अक्षरावर टांगू. मुंग्या झाकल्या की झालं.

मनकर्णा: अन् तिनं पुसलं, भिंतीला वाकळ कामून? तर?

सरजाबाई: कायबी सांगू. सांगायला काय लागतंय, तोंडच लागतंय. धर ते टोक. खुटीला गुतव. आगं उजवीकडं, टोकाचं अक्षर दिसायलंय. हां. आता डोळे पूस अन् पदर नीट घे. आली बघ.

(बाहेर पोरांचा गलका. परभणीच्या तपासणीस कुसुमबाई दारात येतात, मागोमाग पोरंही आत घुसतात.)

कुसुमबाई: येऊ का आत? मनकर्णाबाई तुम्हीच ना?

मनकर्णा: व्हय मॅडम, मीच. या ना. ह्या माह्या सासूबाई. डोकं जपा, चौकट लहान हाय.

कुसुमबाई: पूर्वी गोठा होता म्हणे इथं.

सरजाबाई: कुनी सांगितलं?

कुसुमबाई: आबासाहेबांनी.

सरजाबाई: लय ध्यान हाय त्यायचं आमच्यावर.

मनकर्णा: गोठाच होता, मॅडम. लपवायचं काय त्याच्यात? मातर आता वास घेऊन बघा. जिमीन खांदून नवी माती भरलीया, कडूलिंबाचा पाला जाळून धूर केला. लेकरं खाली लोळली तरी फिकीर न्हाई.

कुसुमबाई: छान. आणि वर हे काय बांधलंय? लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटतंय.

सरजाबाई: लगीनाचंच हाय ते, माहं. माळवदाची माती गळती, म्हनून तानून बसवलंय. मधी तुकडे जोडलेत, पन नदर ठरत न्हाई तेवढी शिलाई बारीक हाय. सुनंची हाय, माही न्हाई.

कुसुमबाई: भिंतीत हे चमकतंय काय? काचा नाहीत ना? मुलांच्या हाताला लागतील.

मनकर्णा: फुटकी काकणं हायत, मॅडम. ताडकळसच्या बाजारात कासारापाशी सांडलेली असतेत, ती वेचून आनली. माती वल्ली हाय तवर दाबायची. टोकं आत, पाठ भाईर. हात फिरवून बघा ना.

कुसुमबाई: अरे, खरंच. अजिबात टोचत नाही.

सरजाबाई: निबर हात लावून काय कळनार? गाल लावा, गाल. म्या लावून बघितला एका एका फुलाला.

कुसुमबाई: गाल नको, आजी. हातानं समजलं मला. आणि ही बैठक? रंग सुरेख आहे.

मनकर्णा: सुकडीची पोती. दुष्काळी कामावर खायला सुकडी वाटायचे, तवा रिकामी पडायची, ती मागून ठिवली होती. उसवली, धुतली, पळसाच्या फुलाच्या पान्यात उकळली अन् दुहेरी शिवली.

कुसुमबाई: इंग्रजी अक्षरं दिसतायत की त्यांच्यावर अजून.

सरजाबाई: घासून घासून हात गेले, ती काई जाईनात. म्हनलं ऱ्हाऊ द्या. आमच्या बालवाडीत इंग्रजी बी हाय.

कुसुमबाई: हसवता तुम्ही, आजी. खरं सांगते, इतक्या कमी साहित्यात इतकं केलेलं मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही. पण एक अडचण आहे. आबासाहेबांकडं फळा आहे, तक्ते आहेत, भिंतीला तेलरंग दिलाय. मला इथं मुळाक्षरं दिसत नाहीत. ती कुठं आहेत?

सरजाबाई: हायत की.

कुसुमबाई: कुठं?

सरजाबाई: येतील.

कुसुमबाई: येतील म्हणजे? आणि ही वाकळ भिंतीला का टांगलीय?

सरजाबाई: शोभंला.

मनकर्णा: थंडीला.

कुसुमबाई: नक्की कशाला?

सरजाबाई: थंडीत शोभा पायजे म्हनून. ए धुरपते! वाकळंला हात लावू नको! आगं उचलू नको म्हनते ना... पाडली! पाडली मेलीनं!

कुसुमबाई: अगंबाई! हे काय?

मनकर्णा: मुंग्या हायत, मॅडम. अक्षरं बी तीच हायत, त्यायच्या खाली. गेरूत गूळ पडला. आमच्या हातून चूक झाली. तुमाला कळू नये म्हनून वाकळ टांगली, ही दुसरी चूक. आता काय लिवायचं ते लिवा, पन म्या खोटं बोलनार न्हाई.

सरजाबाई: आमच्या हातून म्हनू नको. माह्या हातून. गूळ म्या घातला. पोरीनं डिंकच भिजू घातला होता. सरका मॅडम, राख मारते, आत्ता पळतील.

कुसुमबाई: थांबा, आजी. राख टाकू नका.

सरजाबाई: चावत न्हाईत त्या. काळ्या हायत. लाल असत्या तर म्याच तुमाला आत येऊ दिलं नसतं.

कुसुमबाई: जरा गप्प बसा ना. ती मुलगी काय बोलतेय स्वतःशीच? भिंतीवर बोट फिरवतेय ती.

मनकर्णा: धुरपती? मुंगीच्या मागं बोट न्यायलीया. म्हनती, गोल फिरली, मधून गेली, आता काठीवरून खाली चालली.

कुसुमबाई: हे अक्षर शिकवलंय तिला तुम्ही?

मनकर्णा: अजून न्हाई. शिकवायला तुमची परवानगी कुठं हाय?

कुसुमबाई: आणि ते पलीकडचे? सगळे एकेक मुंगी धरून बसलेत.

सरजाबाई: धरून न्हाई, बघून. आमची पोरं मुंगी मारत न्हाईत.

कुसुमबाई: आजी, ते राखेचं सूप इकडं द्या. पसरा हातानं, सपाट करा. धुरपती, इकडं ये बाळ. ती मुंगी कशी चालली, ते ह्या राखेत बोटानं काढून दाखव बघू.

मनकर्णा: काढ, धुरपते. भिऊ नको. चुकलं तरी कुनी रागावत न्हाई.

सरजाबाई: गोल फिरली म्हनलीस ना? मग फिरव की. हां. आता मधून. आता काठी. अय्या माय! मनकर्णे, हे तूच काढलेलं न्हाई का ते? बैलाच्या चितराखालचं? 'ब' म्हनतेत ते हेच ना?

मनकर्णा: 'ब'च हाय, आत्याबाई. 'ब'च काढला तिनं.

कुसुमबाई: काठी जरा वाकडी आलीय.

सरजाबाई: मुंगीच वाकडी चालली, मॅडम. पोरीचा काय दोष?

कुसुमबाई: बरोबर आहे. पोरीचा काही दोष नाही. अरे, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना देते राख. एकेक जण या. मनकर्णाबाई, मला जरा बसू द्या. त्या तिकडच्या खोलीत मुलं अशी चिडीचूप बसली होती, की मलाच अवघडल्यासारखं झालं. भिंतीला हात लावायचा नाही, तक्त्याला लावायचा नाही. नाव विचारलं तरी एकानं तोंड उघडलं नाही. आणि इथं मला बोलायला जागा मिळेना.

सरजाबाई: म्हनून तर मुद्दाम गूळ घातला!

मनकर्णा: आत्याबाई!

सरजाबाई: काय खोटं हाय? घातला का न्हाई म्या?

मनकर्णा: मॅडम, मुद्दाम न्हाई घातला. म्या आधी सांगितलं तेच खरं. खोट्यावर बालवाडी उभी करायची न्हाई मला.

कुसुमबाई: कळलं हो मला, गूळ कसा पडला ते. मी पडलेला गूळ बघत नाही, काढलेला 'ब' बघतेय. एक सांगा, ती टोकाची मुलगी तुमच्या वस्तीतली का? झालरीचा परकर घातलेली?

सरजाबाई: कोनती? ती? आगंबया! ती तर सुला हाय. आबासाहेबाची नात, रुख्मिणीची पोरगी!

कुसुमबाई: माझ्या मागनं आली असेल. मघाशी तिकडं मी बोलावलं, तर आईच्या पदरामागं लपली. आणि आता बघा, नाक भिंतीला टेकलंय.

मनकर्णा: परकर लाल केला पोरीनं. घरी मार बसंल तिला.

कुसुमबाई: नाही बसायचा. मी जाता जाता सांगून जाते, बालवाडीत कपडे मळतातच. ऐका आता. खोली हीच. शिकवायला तुम्ही. साहेबांनी खोली निवडायचं माझ्यावर सोपवलंय, म्हणजे हे पक्कं समजा. सोमवारी सुरू करा.

सरजाबाई: आँ?

कुसुमबाई: अक्षरं डिंक घालून पुन्हा रंगवा, म्हणजे टिकतील. पण नवं अक्षर शिकवायच्या दिवशी ते एक गुळाचं काढा. ते काम आजींचं.

सरजाबाई: माहं? माहं काम? सरकारी?

कुसुमबाई: सरकारी नाही, आजी. गुळाचं. आणि मनकर्णाबाई, माझी एकच अट आहे. बालवाडी सगळ्या गावाची. कुणाचंही मूल असो, ते आतच बसलं पाहिजे.

मनकर्णा: मॅडम...

सरजाबाई: बोल की गं. तुला बी हेच पायजे होतं की.

मनकर्णा: त्याच्यासाठीच तर समदं केलं, मॅडम. दुसरं काईच मागायचं नव्हतं मला.

कुसुमबाई: रडू नका. पोरं बघतायत, सोमवारपासून त्यांच्या बाई आहात तुम्ही. निघते मी, ताडकळसची बस चुकेल. नाही, चहा नको, आजी, तिकडं झालाय.

सरजाबाई: तितला चहा तितला. निदान ह्यो गुळाचा खडा तरी घ्या. भिंतीचा न्हाई, डब्यातला हाय. हां. सावकाश जा. चौकट लहान हाय, वाका!

मनकर्णा: गेल्या?

सरजाबाई: गेल्या. वडापाशी वळल्या बी. मनकर्णे!

मनकर्णा: आत्याबाई!

सरजाबाई: आगं सोड, हाडं मोडशील माही! जिकलो! आबासाहेबाचा तेलरंग, फळा, लोड, तक्के, समद्याला गुळाच्या ढेकळानं हानलं! जा, कडूबाईला सांग. न्हाई, तू थांब, म्याच सांगते, तुला नीट तिखटमीठ लावता येत न्हाई. सितारामाला कुनी तरी रानात निरोप धाडा, तुही बायको बाई झाली म्हनावं. अन् ती शेळी कुठं गेली? तिला बी आज ज्वारीचं कणीस घालते. तिनं डिंक खाल्ला म्हनून तर झालं हे!

मनकर्णा: हळू बोला. दारात रुख्मिणी आलीया. सुलाला न्यायला आसंल.

सरजाबाई: ऐकलं का काय तिनं?

मनकर्णा: समदंच ऐकलं आसंल. उंबऱ्याच्या भाईरच थांबलीया. सुला हात सोडवून परत भिंतीकडं पळाली.

सरजाबाई: मग तू बोल तिच्यासंगं. बाई तू हायेस.

मनकर्णा: न्हाई, तुमी बोला. घर तुमचं हाय.

सरजाबाई: रुख्मिणी, पोरगी बरी हाय गं, घोर करू नको. परकर तेवढा मळला, म्या धुऊन देते. अशी उन्हात कामून उभी हायेस? ये. आत ये, पोरीजवळ बस. हितं कुनी भाईर बसत न्हाई.